व्यापारी आणि शेतकरी : जोतीराव गोविंदराव फुले

सन 1882 मध्ये हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्याकरिता हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले गेले. त्या कमिशनापुढे अनेक विद्वानांनी व अधिकाऱ्यांनी आपापली निवेदने सादर केली. पुण्याच्या जुन्या गंज पेठेतून 19 ऑक्टोबर 1882 या तारखेचे एक निवेदन गेले. ज्या गृहस्थांनी ते लिहिले त्यांनी 34 वर्षांपूर्वी आपल्या प्रांतात मुलींची शाळा काढिली होती, महारमांगांच्या मुलांस अक्षरओळख करून दिली होती, अनाथ लेकरांस आपल्या घरी आसरा दिला होता. सहीखाली यांपैकी कोणत्याही कार्याचा उल्लेख करण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता. परंतु त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद एवढीच दिली. हे गृहस्थ जोतीराव गोविंदराव फुले होत.

स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक व दलितांचे कैवारी म्हणून जोतीराव आपल्या गावोगावच्या वाचकांस ठाऊक आहेत. त्यांच्या चरित्रातील व्यापारी मात्र फारसा कोणाच्या परिचयाचा नाही. इतकी कामे हाती घेणाऱ्या पुरुषाच्या चुलीस जळण कोठून येत असे, शाळेच्या भाड्याचा पैसा कोठून येत असे, आणि तो मिळविताना त्यांनी आपला हात कितपत निर्मळ ठेविला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. लोकसेवा करावयाची म्हणजे कोणाच्या तरी पगारावर किंवा देणगीवर राहावयाचे, आणि व्यापार करावयाचा म्हणजे लोकसेवेस रामराम ठोकावयाचा, अशी समजूत खेडोपाडी फार आहे. तंबू करून आपली भाकर मिळविणाऱ्या पौलाची गोष्ट वाचणाऱ्या मंडळीत तरी ही समजूत टिकू नये. म्हणून या पानावर व्यापारी जोतीरावांचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे.

फुलांच्या दुकानातला मुलगा

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 रोजी झाला. घराणे माळ्याचे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. आडनाव पूर्वी गोऱ्हे असे होते. पुण्यास आल्यावर हे कुटुंब पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवू लागले, आणि त्या धंद्यावरूनच लोक त्यांस फुले म्हणू लागले. तेव्हा ज्या नावाने आज शाळा, मंडया व विद्यापीठे ओळखली जातात ते नाव मुळात एका दुकानाचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आई चिमणाबाई मूल लहान असतानाच वारल्या. पिता गोविंदराव यांची शेती व भाजीपाल्याचा व्यवहार होता.

मुलास काही काळ पंतोजीच्या शाळेत घातले. पण शिकल्याने माळ्याचा पोर शेतीच्या कामाचा राहत नाही असे शेजारपाजारच्यांनी गोविंदरावांच्या मनात भरविले, आणि त्यांनी त्यास शाळेतून काढून मळ्यात जुंपले. सन 1840 मध्ये साताऱ्याकडील नायगावच्या खंडोजी नेवसे पाटील यांची कन्या सावित्रीबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. मळ्यात पाणी धरून आल्यावर हा मुलगा दिव्याशी पुस्तक घेऊन बसतो, हे दोन शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटले नाही. एक होते गफार बेग मुनशी आणि दुसरे लिजिट साहेब. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, अशा दोघांनी मिळून एका माळ्याची समजूत घातली, आणि 1841 साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. सन 1847 मध्ये तेथील इंग्रजी शिक्षण त्यांनी पुरे केले.

त्या काळी इंग्रजी शिकलेल्या तरुणास सरकारी नोकरी हाताशी होती. दरमहाचा पगार, डोक्यावर पागोटे आणि चार लोकांत मान, हे सर्व त्यांस मिळू शकले असते. जोतीरावांनी नोकरी धरली नाही. पुढे जन्मभर ज्या निर्भयपणाने ते बोलले व लिहिते झाले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या एका निश्चयात आहे. ज्याच्या भाकरीची दोरी दुसऱ्याच्या हाती असते त्याच्या जिभेसही गाठ पडते, हे आपण नित्य पाहतो.

देणगीवर चालणारी शाळा

सन 1848 मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीतून, शूद्राने बरोबरीने चालू नये म्हणून, जोतीरावांस अपमान करून बाहेर काढण्यात आले. या घावाने त्यांचे डोळे उघडले. त्याच सुमारास अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या फॅरारबाई चालवीत असलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि आपल्या पुण्यातही असे का होऊ नये हा विचार त्यांच्या मनाने घेतला. त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंस त्यांनी घरीच शिकविले होते. त्या तेथे शिक्षिका झाल्या. शाळेस जाताना त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई. दोघा पतिपत्नींनी या कामाचा मोबदला घेतला नाही.

लोकांच्या दडपणाने गोविंदरावांनी 1849 मध्ये मुलास व सुनेस घराबाहेर काढले. उस्मान शेख नावाच्या मित्राने त्यांस आपल्या घरी जागा दिली. आता वडिलांचे छप्पर गेले आणि धंद्यातील वाटाही गेला. पैशाच्या अभावी काम काही दिवस थांबले. पुढे 3 जुलै 1851 रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत दुसरी व 1852 मध्ये वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. महारमांगांच्या मुलांकरिताही शाळा काढण्यात आल्या. हितचिंतकांची मंडळी स्थापून वर्गणी जमविली जाऊ लागली. काही साहेबलोक व काही एतद्देशीय गृहस्थ वर्गणी देत, दक्षिणा फंडातूनही साहाय्य मिळे. दिनांक 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. सन 1854 मध्ये त्यांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत काही तास शिकविण्याचे काम पत्करले, आणि 1855 मध्ये दिवसा राबणाऱ्या मजुरांकरिता व शेतकऱ्यांकरिता आपल्या घरी रात्रीची शाळा काढिली.

यानंतर 1857 चे बंड झाले. साहेबलोकांचे मन एतद्देशीयांविषयी आखडले आणि वर्गणीचा ओघ आटला. शाळा कशाबशा चालू लागल्या. येथे जोतीरावांस एक धडा मिळाला असला पाहिजे, कारण त्यांची पुढील चाल त्या धड्यास अनुसरून आहे. दुसऱ्याच्या दयेवर उभे केलेले काम, देणाऱ्याचे मन फिरताच खाली बसते. देणगी घेणे हे पाप नव्हे. परंतु ज्यास दीर्घ काळ नांगर धरावयाचा आहे त्याने आपल्या घरचा बैल असू द्यावा.

मक्तेदार जोतीराव

सन 1860 नंतरच्या काळात पुणे शहराचे रूप झपाट्याने पालटत होते. रेल्वे आली होती, छावण्या वाढत होत्या, रस्ते, पूल, बोगदे, धरणे व सरकारी इमारती बांधल्या जात होत्या. जोतीरावांनी धातू वितळविण्याच्या मुशी विकण्याची एजन्सी घेतली, भाजीपाल्याचा व्यापार केला, पुस्तकांची विक्री केली. पुढे सहकाऱ्यांसह पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी या नावाने बांधकामाचे मक्ते घेण्याचा धंदा मांडला. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण व त्याचा कालवा अशा कामांशी त्यांच्या धंद्याचा संबंध जोडला जातो. दगड, चुना, वाळू व मजूर पुरविणे हे अशा मक्तेदाराचे मुख्य काम असे.

या धंद्याची रीत खेड्यातील वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे. सरकार कामाचा अंदाज करून ते मक्त्याने देते. मक्तेदार मजूर लावतो. काम झाल्यावर खात्याचा देखरेखीचा अंमलदार त्याची मोजणी करून बिलावर सही करतो, तेव्हा पैसा सुटतो. सहीस उशीर झाला की मक्तेदाराचे भांडवल अडकते. म्हणून सही लवकर व्हावी याकरिता चिरीमिरी दिली जाते, आणि ती रक्कम कोठून तरी भरून काढावी लागते. कोणी चुन्यात वाळू अधिक घालतो, तर कोणी मजुरांच्या हजेरीत खाडे मांडून त्यांची मजुरी कापतो. अखेर भुर्दंड पडतो तो दिवसभर दगड फोडणाऱ्या बाईवर आणि कर भरणाऱ्या शेतकऱ्यावर.

जोतीरावांनी हे सर्व आतून पाहिले. बहुतेक मक्तेदार अशा गोष्टी पोटात ठेवितात, कारण बोलणाऱ्यास पुढचा मक्ता मिळत नाही. जोतीरावांनी सन 1873 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुलामगिरी या ग्रंथाबरोबर बांधकाम खात्यातील या लबाडीवर पद्यरचना करून ती उघड्यावर मांडली. ज्या खात्याकडून आपले बिल पास व्हावयाचे त्याच खात्याचे दोष छापणे ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने वेडाची गोष्ट होय. पण जोतीरावांचा हिशेब निराळा होता. पैसा मिळविणे हे त्या धंद्याचे एक अंग होते. त्या धंद्याच्या योगाने हजारो मजुरांच्या जीविताची जी माहिती झाली, ती त्यांस नफ्याहून मोलाची वाटली.

मांजरीचा मळा

खडकवासल्याचे धरण 1870 ते 1880 च्या दरम्यान पुरे झाले व मुठेचा उजवा कालवा पुण्यावरून हडपसर, मांजरी या बाजूस गेला. पाणी दारात आले, तरी पुष्कळ शेतकरी ते घेण्यास कचरत. पाणीपट्टीची भीती होती, जमीन बिघडेल ही शंका होती, आणि बागायती पिकास लागणारे भांडवल नव्हते. जोतीरावांनी मांजरी येथे सुमारे 200 एकरांची शेती केली आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस, भाजीपाला व फळझाडे पिकवून दाखविली. शेजारच्या शेतकऱ्यास हजार व्याख्यानांनी जे पटले नसते ते बांधावर उभे राहून पाहताच पटते.

आपण स्वतः जमीन कसून पाहिली म्हणूनच 1883 मध्ये त्यांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात रडगाणे फार न गाता उपायही सांगितले. डोंगरावरून वाहून जाणारी माती शेतात अडावी म्हणून ताली व बांध घालावे, तलाव व धरणे बांधावी, गुरांची व मेंढरांची उत्तम पैदास करावी, शेतीची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्यास बक्षिसे द्यावी, त्यांच्या मुलांस शेतीचे शास्त्र शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. दुष्काळी तालुक्यांत आज जे मृद्संधारणाचे काम चालते त्याचा पाया या पुस्तकात आढळतो. लग्नकार्यातील उधळपट्टी शेतकऱ्यास सावकाराच्या दारी नेते हे ओळखून त्यांनी भटजीवाचून व थोड्या खर्चात विवाह लावण्याची रीत घातली. तसा पहिला विवाह डिसेंबर 1873 मध्ये झाला. व्यापाऱ्याची नजर येथेही दिसते. मिळकत वाढविणे व अनाठायी खर्च तोडणे ही दोन्ही कामे झाल्यावाचून घर वर येत नाही.

मिळकत कोठे गेली

आता या मिळकतीचा विनियोग पाहू. सन 1863 मध्ये जोतीरावांनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्या काळी उच्चवर्णातील बालविधवांवर संकट ओढवले म्हणजे त्यांस जीव देणे अथवा मूल मारणे यांवाचून मार्ग नसे. अशा कोणत्याही बाईने यावे, निर्धास्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. सन 1884 पर्यंत 35 स्त्रियांनी त्या घराचा आसरा घेतल्याचे जोतीरावांनी स्वतः नमूद केले आहे. ज्यांनी त्यांस वरातीतून घालविले त्यांच्याच लेकींकरिता या माळ्याने आपले दार उघडे ठेविले. काशीबाई नावाच्या अशाच एका बाईचा मुलगा यशवंत यास जोतीराव व सावित्रीबाई यांनी 1874 मध्ये दत्तक घेतले.

सन 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळा केला. त्यामुळे जातभाई रुसले, येणेजाणे तुटले. व्यापाऱ्यास तर अशा गोष्टीने गिऱ्हाईकही तुटते. तरी हौदास कुलूप लागले नाही. दिनांक 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. सन 1876 व 1877 च्या मोठ्या दुष्काळात खेडी ओस पडू लागली तेव्हा समाजाच्या मंडळीने धनकवडी येथे मुलांकरिता अन्नछत्र चालविले. जोतीरावांनी मदतीची विनंतीपत्रे काढिली, आणि सावित्रीबाई जुन्नर भागातील ओतूरकडे फिरून तेथील हाल कळवू लागल्या व मदतकार्य करू लागल्या.

येथे त्यांच्या सोबत्यांविषयी लिहिणे अवश्य आहे, कारण जोतीरावांचा व्यापार एकट्याचा राहिला नाही. मुंबईचे व्यंकू बाळोजी कालेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू हे तेलुगू घराण्यातील सधन मक्तेदार समाजाचे आधारस्तंभ झाले व त्यांनी समाजकार्यास सढळ हाताने मदत केली. स्वतः मक्त्याची कामे करणारे कृष्णराव भालेकर यांनी 1 जानेवारी 1877 पासून पुण्यात दीनबंधू हे पत्र सुरू केले. ते पत्र 1880 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविण्यास घेतले, आणि त्याच लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संस्था उभारिली. गिरणीतील मजुरांस आठवड्यातून एक दिवस, आणि तोही रविवार, विसाव्यास मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे झटून 1890 मध्ये गिरणीमालकांकडून तो मिळविला. रविवारी उपासनेस जमणाऱ्या आपल्या मंडळ्यांतील गिरणगावच्या नातलगांस ज्या माणसांमुळे ती मोकळीक मिळाली, त्यांत सत्यशोधक लोखंड्यांचे नाव पहिले आहे.

सार्वजनिक पैशाचा रखवालदार

सन 1876 पासून 1883 च्या सुमारापर्यंत जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. मक्तेदार सभासद झाला म्हणजे स्वतःची पोळी भाजून घेतो असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे. जोतीरावांचे वर्तन उलट होते. सन 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त 1000 रुपये खर्चण्याचा ठराव आला. जोतीरावांनी तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे सुचविले, आणि 32 सभासदांत विरोधी मत देणारे ते एकटेच ठरले. त्याच वर्षी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांविषयी त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांस पत्र लिहून त्यांचा बंदोबस्त मागितला. भाजी मार्केटाची मोठी इमारत बांधण्यापेक्षा तो पैसा शाळांवर खर्चावा असेही त्यांचे मत होते. मार्केट अखेर बांधले गेले, 1886 मध्ये उघडले, आणि रे साहेबांचे नाव त्यास दिले गेले. काळाचा न्याय पाहा, त्याच मार्केटास आज महात्मा फुले मंडई म्हणतात. इमारतीस विरोध करणाऱ्याचे नाव इमारतीवर आले. त्याने मागितलेल्या शाळांचे काम मात्र अद्याप पुरे झालेले नाही.

हंटर कमिशनापुढील निवेदनात त्यांनी हीच गोष्ट निराळ्या रीतीने मांडिली. सरकारी तिजोरीत पडणारा पैसा बहुतांशी शेतकऱ्याच्या घामाचा आहे. तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याचे पोर निरक्षर राहते. म्हणून 12 वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावे, शिक्षणात शेतीचे व्यावहारिक ज्ञान असावे, अशी त्यांची मागणी होती. पै कोणी दिली व ती कोणावर खर्चली, हा प्रश्न विचारणारा माणूस आयुष्यभर जमाखर्च पाहणारा होता. व्यापारी व शेतकरी अशी सही त्यांनी का केली, हे आता उलगडते. ज्याने कर दिला, मजुरी दिली व जमीन कसली तो या नात्याने जाब मागत होता.

सन 1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. हिरेमाणकांनी मढलेल्या त्या सभेत जोतीराव फाटक्या शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि राणीच्या पुत्रास खऱ्या हिंदुस्थानचे दर्शन घ्यावयाचे असेल तर खेड्यांकडे पाहावे असे त्यांनी सांगितले. चांगले वस्त्र त्यांच्या घरी नव्हते असे नाही.

अखेरची वर्षे

दिनांक 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात लोकांनी जमून जोतीरावांस महात्मा ही पदवी अर्पण केली. त्यानंतर दोन महिन्यांतच त्यांस अर्धांगाचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. डॉक्टर विश्राम रामजी घोले या स्नेह्याने उपचार केले. उजवा हात गेला म्हणून जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून सार्वजनिक सत्यधर्म हा ग्रंथ 1889 मध्ये पुरा केला; तो त्यांच्यामागे 1891 मध्ये छापला गेला. मिशनच्या शाळेत शिकूनही त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. सर्वांचा एक निर्मिक आहे व सर्व मनुष्ये त्याची सारखीच लेकरे आहेत, हा विश्वास त्यांनी धरिला व त्याप्रमाणे आचरण केले. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा चोहोंकडून त्यांची निर्भर्त्सना होत असता जोतीरावांनी 1885 मध्ये त्यांचा पक्ष घेऊन लिहिले, हे आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.

दुखण्याबरोबर धंदाही बसला. ज्याच्या हातून एवढा पैसा गेला त्याच्या घरी औषधपाण्यास पैसा उरला नाही. मामा परमानंद या थोर गृहस्थांनी 1890 मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्या साहाय्याकरिता शब्द टाकला. दिनांक 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांनी देह ठेविला. सावित्रीबाईंनी काम सोडिले नाही. दत्तक पुत्र यशवंत डॉक्टर झाला होता. सन 1897 मध्ये पुण्यात प्लेगाने कहर केला तेव्हा हडपसरच्या बाजूस मायलेकरांनी रोग्यांकरिता दवाखाना चालविला, आणि रोग्यांची शुश्रूषा करिता करिता त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई वारल्या.

या चरित्रापासून घ्यावयाचे

कोणी म्हणेल की जोतीराव व्यापारी म्हणून अपेशी ठरले, कारण मरणकाळी त्यांच्यापाशी काही नव्हते. या आक्षेपात थोडे तथ्य आहे व ते टाळू नये. दुखण्याच्या दिवसांकरिता काही राखून ठेवणे हे शहाणपणाचे असते. बालहत्या प्रतिबंधक गृहासारखे कार्य एका घराच्या मिळकतीवर अवलंबून राहिले की त्या घरचा कर्ता पडताच तेही डळमळते. म्हणून आपल्या गावी जो कोणी असे काम काढील त्याने पहिल्या दिवसापासून चार विश्वासू माणसांची पंचायत, उघडी हिशेबवही व थोडी शिल्लक यांची तजवीज करावी. जोतीरावांच्या उणिवेपासूनही आपणांस शिकता येते.

परंतु व्यापाराचे यश कशाने मोजावे याविषयी त्यांचे माप मोठे होते. हल्ली समाजोपयोगी उद्योग हा शब्द सर्वत्र ऐकू येतो. सन 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील मोठ्या कंपन्यांस मागील 3 वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चण्यास सांगितले आहे. कायदा चांगला आहे व त्यातून पुष्कळ शाळा व दवाखाने उभे राहिले आहेत. तथापि जोतीरावांचा उदीम पाहिला म्हणजे ध्यानात येते की उरलेल्या 98 टक्क्यांचाही हिशेब द्यावा लागतो. मजुरास दाम पुरा मिळाला की नाही, वजन व माप खरे होते की नाही, सही मिळविण्याकरिता लाच दिली की नाही, आणि आपल्या धंद्यात जो अन्याय पाहिला त्याविषयी तोंड उघडले की नाही, हे प्रश्न नफा मोजण्याच्या आधी येतात. मजुराची मजुरी कापून तीच देवळाच्या घंटेस किंवा मंडळीच्या थाळीत टाकणाऱ्याचे दान हलके आहे.

दुसरे असे की आपल्या गावमंडळ्यांतील तरुण शिकून नोकरीची वाट पाहत बसतात, व नोकरी न लाभल्यास आपले आयुष्य फुकट गेले असे मानतात. त्यांनी मुशी विकणारा, भाजी विकणारा, दगडाचा मक्ता घेणारा, कालव्याचे पाणी धरणारा हा पुरुष डोळ्यांपुढे आणावा. दोन शेळ्या, एक शिवणयंत्र, पिठाची गिरणी किंवा चार गुंठे भाजीचा मळा यांतूनही स्वतंत्र भाकर मिळते, आणि त्या भाकरीतला तुकडा शेजाऱ्याच्या पोरीच्या पाटीपुस्तकास देता येतो. उपदेशक बंधूंनी शाळा व सभा यांच्या जोडीस आपल्या गावात अशा धंद्यांस उत्तेजन द्यावे, आणि मंडळीच्या वार्षिक हिशेबात कोणाचा घाम किती आला व तो कोणाच्या कामी लागला, हे सर्वांसमक्ष वाचून दाखवावे.

पुण्यास जाणाऱ्या वाचकांनी गंज पेठेत जोतीरावांचे घर अवश्य पाहावे. त्या पेठेस आता त्यांचेच नाव आहे. घर साधे आहे, अंगणात तो पाण्याचा हौद आहे. एका व्यापाऱ्याने आपल्या मिळकतीतून काय केले, हे त्या हौदाकाठी उभे राहून आपल्या मुलांस सांगावे.